कृषी केंद्रवालीची वाईन सहल

धुळ्यात वाईनची सहल म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "बायाबी चालतात का?" चालतात. आमच्या गाडीत बायाच जास्त होत्या. मी, जाऊबाई, नणंद, गल्लीतल्या मैत्रिणी, आणि सोबत म्हणून आलेले दोन नवरे, त्यातला एक माझा. बेत साधा होता: सकाळी निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातले पक्षी, दुपारी द्राक्षबाग नि वाईनरी, आणि दोन्हीकडे दाखवायला माहीतगार माणूस. नाशिककरांना हे सगळं उशाशी आहे. आम्हाला मालेगाव, राहुड घाट, चांदवड करत पिंपळगावहून वळायचं होतं, त्यामुळे अंधारातच निघालो.

हिवाळ्यात पेपरात धुळं आणि निफाड यांची थंडीची शर्यत लागलेली असते. आपण काही हरत नाही असा माझा समज होता, पण पाण्याकाठचं वारं वेगळंच. शाल डोक्यावरून घेऊन चापडगावच्या मनोऱ्यावर चढलो. पक्षी दाखवणारा पोरगा तिथलाच. इथे गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, पुढे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, त्याची बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांचं फावलं. 2020 साली याला रामसर पाणथळीचा, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा असल्याचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला.

मला हे ऐकून गंमत वाटली. आमच्याकडे पांझरा नदीवर फडाचे, म्हणजे पाटाने शेतांना पाणी देणारे, जुने बंधारे आहेत, तिथे गाळ म्हणजे डोकेदुखी. इथे त्याच गाळावर अभयारण्य उभं. मी पोराला विचारलं, पाणी सोडतात-अडवतात तेव्हा पक्ष्यांचं काय होतं? तो खूश झाला. पाणी फार चढलं की चिखलात चोच खुपसणारे उठून जातात, उतरलं की परत येतात, बदकांना मात्र चढलेलं चालतं, असं त्याने हाताने दाखवत समजावलं. वारकरी दाखवला: काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा. जाऊबाईंनी लगेच हात जोडले. जांभळी पाणकोंबडी शेवाळावरून पाय उचलून चालत होती, थापट्या बदकं चोच पाण्यावर घासत होती, आणि लांब चित्रबलाक एका पायावर. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काही दिसले नाहीत. सहलीच्या जाहिरातीवर फोटो मात्र रोहितांचाच होता.

वाईनरीच्या आवारात बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून आधी रस्त्याकडेच्या बाभळीखाली डबे उघडले. जानेवारी म्हणजे भरीत असणारच, सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा. आत गेल्यावर मेनूकार्डावर पिझ्झा पाहून नणंदेला फारच समाधान वाटलं.

बागेत मात्र माझी पंचाईत झाली, म्हणजे गाईडची झाली. मी कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसते. डाऊनी, भुरी हे द्राक्षाचे बुरशीचे रोग आणि त्यावर फवारायचं बोर्डो, हे माझे रोजचे शब्द. गाईड छान कपड्यातली मुलगी, फ्रान्सच्या टेकड्यांपासून सुरुवात केली. मी विचारलं, "जीए मारता का?" ती गप्प. मग तिने लांबून सुपरवायझरला हाक मारली आणि सहल खरी तिथून रंगली. नाही मारत, तो म्हणाला. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, लागतं. इथे मणी लहानच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. बिया राहिल्या तरी चालतात. रसातली साखर ब्रिक्सच्या मापाने बाविसाच्या पुढे गेली की तोडणी. रेड असेल तर सालीसकट आंबवतात, व्हाईटचा रस आधीच दाबून काढून थंड टाकीत ठेवतात. खमीर साखर खातं, त्याची दारू होते, गॅस उडून जातो. एवढंच. फ्रान्सची टेकडी कुठेच लागली नाही.

टेस्टिंगच्या टेबलावर सोविन्याँ ब्लाँ ही व्हाईट वाईन आली. ग्लास फिरवा, नाक घाला, काय येतंय सांगा. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जाऊबाईंनी ग्लास नाकाला लावला आणि म्हणाल्या, "हाऊ ते हिरवी मिरचीना वास शे!" हशा पिकला, पण गाईडने मान डोलावली. सिमला मिरचीत असतं त्याच जातीचं द्रव्य या द्राक्षात असतं म्हणे. त्यानंतर जाऊबाईंना आवरणं कठीण गेलं. पुढच्या ग्लासात त्यांना पेरू आला, लालमध्ये जांभळाची बी. शिराझ ही लाल वाईन मला तुरट लागली. पर्समध्ये ठेच्याची डबी होती, ती चोरून चाखून पाहिली: लाल वाईनने जिभेला आणखी आग लागते, गोडसर व्हाईट शेनिन ब्लाँने शमते. ही माहिती कुणी देत नाही, म्हणून देतेय.

परत आल्यावर दुकानात साक्रीकडचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. सहलीचे फोटो पाहून म्हणाले, "ताई, लावू का अर्धा एकर वाईनची?" मी त्यांना 2009 च्या आसपासचं सांगितलं. तेव्हा मंदीत वाईनरींनी माल उचलला नाही आणि नाशिककडे कित्येकांनी उभे वेल काढून टाकले. हा बारीक, बियांचा मणी बाजारात कोण घेणार? आधी घेणारा कोण ते बघा, लेखी करा, किती किलोमीटरवर वाईनरीची टाकी आहे ते विचारा. ते म्हणाले, "मग कांदाच बरा." आणि बोर्डोऐवजी कांद्याचं बुरशीनाशक घेऊन गेले.