खुर्ची नाही, पोकळी काढा

आज प्रौढांच्या चित्रकला वर्गाचा तिसरा दिवस. बाईंनी समोर साधी खुर्ची ठेवली नि म्हणाल्या, "खुर्ची काढायची नाही. पायांमधली, पाठीच्या दांड्यांमधली रिकामी जागा काढा." मला वाटलं, गंमत करताहेत. पण काढत गेले तशी खुर्ची आपोआप कागदावर उभी राहिली! आपण समोरची वस्तू बघतच नाही, डोक्यातली 'खुर्ची' उतरवतो, हे ५२व्या वर्षी कळलं. (शाळेत चित्रकलेत कायम काठावर पास. असो.)

दुपारी संवादाचा तास. जोड्या पाडल्या. एकीने तीन मिनिटं बोलायचं, दुसरीने तोंड उघडायचं नाही, मग ऐकलेलं तिलाच परत सांगायचं. जोडीदारीण जरा थांबली की माझा सल्ला ओठांवर तयार. गिळला. पण परत सांगताना निम्मं माझ्याच मनातलं! ती हसून म्हणाली, "हे मी नव्हते म्हणाले हं."

सकाळचीच खुर्ची की!

ग्रुंडटविग या डॅनिश विचारवंताच्या कल्पनेतून डेन्मार्कमध्ये १८४४ साली पहिलं लोकविद्यालय, म्हणजे मोठ्यांसाठीची शाळा, निघालं. परीक्षांना ग्रुंडटविगचा विरोधच होता. आमच्याकडेही परीक्षा नाही, म्हणून बहुधा मी टिकलेय. उद्या कागदाकडे न बघता स्वतःचा हात काढायचाय.