आउटफिल्डर कोणत्या क्रमाने उचलायचे: माझी यादी

२०२६ चं स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) सुरू व्हायच्या आधीच एडिसनच्या (न्यू जर्सी) मित्रांचे मेसेज चालू झाले की आमच्या फँटसी बेसबॉलसाठी आउटफिल्डरची (मैदानात मागे उभे राहणाऱ्या फिल्डरची) यादी टाक म्हणून, तर टाकतोय. फँटसी म्हणजे ड्राफ्टमध्ये आळीपाळीने, राउंड-राउंडने खरे खेळाडू उचलायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर आपली टीम चालवायची. आमची लीग रोटो आहे, म्हणजे प्रत्येक कॉलममध्ये वर्षभराच्या बेरजेवर टीमचा नंबर लागतो, १२ टीम, प्रत्येकाला ५ आउटफिल्डर, म्हणजे ६० जण तर हमखास उचलले जाणार आणि बेंचवाले वेगळे. बॅटिंगचे कॉलम नेहमीचेच पाच: रन, होमरन, आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन), स्टील (धावत जाऊन चोरलेला बेस) आणि अॅव्हरेज (हिट भागिले अॅट-बॅट, म्हणजे वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या).

यादी बघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्टील आता स्वस्त झालंय. २०२३ मध्ये बेस १५ इंचाचे १८ इंचाचे केले, पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आणलं, पिचरला पिकऑफसाठी (बेसवरच्या रनरला आउट करायला) फुकटात दोनदाच थांबता येतं असा नियम केला, आणि २०२२ मध्ये अख्ख्या एमएलबीत (अमेरिकेची मुख्य बेसबॉल लीग) २,४८६ स्टील होते ते एका वर्षात ३,५०३ झाले. त्यामुळे २० होमरन २० स्टीलवाला आउटफिल्डर आता पाचव्या-सहाव्या राउंडलाही सापडतो. उलट अॅव्हरेज बघा, २०२५ मध्ये सगळ्या एमएलबीचं मिळून .२४५ होतं. पूर्वी .२८० वाले ढिगाने मिळायचे, आता शोधावे लागतात. तरी ड्राफ्टला बसलेले निम्मे लोक अजून स्टीलच्याच मागे धावतात.

म्हणून माझा पहिला अॅरन जज, आणि यावर मी वादच घालणार नाही. ५३ होमरन सगळ्यांना दिसतात, पण २०२५ मध्ये त्याने ५४१ अॅट-बॅटमध्ये १७९ हिट मारलेत, म्हणजे .३३१. आता हिशोब करा. तेवढ्याच अॅट-बॅटमध्ये .२५० वाल्याचे साधारण १३५ हिट होतात, म्हणजे जजमुळे तुमच्या टीमला ४४ हिट जास्त. आपल्या १४ बॅटर्सचे मिळून वर्षाला धरा ७,००० अॅट-बॅट, तर एकट्या माणसामुळे अख्ख्या टीमचं अॅव्हरेज सहा पॉइंटने (.००६) वर जातं! रोटोमध्ये सहा पॉइंट म्हणजे टेबलात दोन-तीन जागा आरामात, आणि तेही होमरन-आरबीआय एक नंबर ठेवून.

दुसरा हुआन सोटो. पण ४३ होमरनवर ३८ स्टील बघून जे लोक त्याला जजच्या वर ठेवतायत ना, ते मला पटत नाही. त्याआधी एका सीझनमध्ये त्याचे जास्तीत जास्त १२ स्टील होते, आणि तो काही वेगवान पळणारा नाही. पिचरची हालचाल वाचून त्याने ते बेस चोरले, त्यात त्याच्या टीमचा, मेट्सचा, फर्स्ट बेस कोच अँटोन रिचर्डसनचा मोठा हात होता, आणि रिचर्डसन आता ब्रेव्ह्स या दुसऱ्या टीममध्ये गेलाय. मी २० धरतो. २० धरूनसुद्धा तो दुसराच राहतो, कारण वर्षाला शंभराच्या वर वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) घेणारा माणूस रनच्या कॉलममध्ये तुम्हाला कधी उपाशी ठेवत नाही.

मग अकुन्या. इथे मला खरंच जीव तुटतो, कारण २०२३ चा अकुन्या म्हणजे ४१ होमरन, ७३ स्टील, .३३७, फँटसीमध्ये इतकं पूर्ण वर्ष क्वचितच बघायला मिळतं. त्यानंतर २०२४ मध्ये डावा गुडघा गेला, उजवा २०२१ मध्येच गेला होता. २०२५ च्या मे महिन्यात परत आला, ९५ सामन्यांत २१ होमरन आणि .२९०, पण स्टील फक्त ९. लोक त्या ९ कडे बघून त्याला खाली ढकलतात. मी ढकलत नाही, बॅट शाबूत आहे आणि अॅव्हरेज आहे, स्टील मी दुसरीकडून आणीन. माझा तिसरा तोच.

त्याच्या मागे कॉर्बिन कॅरल आणि हुलिओ रॉड्रिगेझ, दोघांनीही ३०-३० (एका सीझनमध्ये ३० होमरन, ३० स्टील) केलंय, इथे जो मिळेल तो घ्या. हुलिओ एप्रिल-मे मध्ये हमखास थंड असतो, तेव्हा घाबरून ट्रेड करू नका. आणि इथेच पहिला गट संपतो.

पीट क्रो-आर्मस्ट्राँगला मी या गटात घेतलं नाही, त्यावरून शिव्या पडणार आहेत. २०२५ मध्ये ३१ होमरन, ३५ स्टील, सगळं मान्य. पण त्यातले २५ होमरन ऑल-स्टार सामन्याच्या (जुलै) आधीचे आणि नंतर फक्त ६, अॅव्हरेज .२४७, आणि वॉक तर घेतच नाही. सेंटर फील्डला त्याची फिल्डिंग इतकी भारी आहे की फॉर्म गेला तरी त्याची टीम कब्ज त्याला बसवणार नाहीत, म्हणजे अॅट-बॅट मिळत राहतील, हा मोठा प्लस पॉइंट. त्यामुळे दुसऱ्या गटात सगळ्यात वर, टाटिस, टकर आणि चुरिओच्या सोबत. चुरिओने विशी-एकविशीत सलग दोन वर्ष २०-२० केलंय, या गटातला मला सगळ्यात आवडणारा पोरगा.

बायरन बक्स्टनबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. २०२५ मध्ये १२६ सामन्यांत ३५ होमरन, २४ स्टील, आणि चोरी करताना एकदाही आउट नाही. सगळे म्हणतात तो जखमी होतो. होऊ दे की! आपल्या लीगमध्ये आयएल स्लॉट (जखमी खेळाडूसाठी वेगळी जागा) आहे, रोज लाइनअप बदलता येतं, तो नसेल त्या ३६ सामन्यांत वेव्हरवरचा (कोणीच न उचललेल्यांपैकी) कोणीतरी खेळेल आणि त्याचेही आकडे जमा होतील. तेव्हा बक्स्टनचे १२६ अधिक कोणाचे तरी ३६ असं मोजा, मग तो कुठे जातो बघा. आठवड्याला एकदाच लाइनअप लावणाऱ्या लीगमध्ये मात्र दोन राउंड खाली न्या.

जेम्स वुड ३१ होमरन मारतो पण २२१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), जो अडेल ३७ होमरन पण .२३६. असे खेळाडू तेव्हाच घ्या जेव्हा वरून जज किंवा अकुन्या आलाय, नाहीतर अॅव्हरेजचा कॉलम मेलाच म्हणून समजा. श्वार्बरला शोधत असाल तर तो यादीत नाही, ५६ होमरन मारले पण जवळपास वर्षभर डीएच (फक्त बॅटिंग करणारा) खेळला, बहुतेक ठिकाणी युटिलिटीमध्येच (कोणताही बॅटर चालणारी जागा) बसेल.

आणि शेवटी रेज टीमचा चँडलर सिम्पसन. २०२५ मध्ये ४४ स्टील, .२९५, होमरन शून्य. वर होमरनवाले घेऊन झाले की हा एकटा स्टीलचा खड्डा भरतो आणि अॅव्हरेजही सांभाळतो, तोही शेवटच्या राउंड्समध्ये. आमच्या ड्राफ्टमध्ये माझा पाचवा आउटफिल्डर हाच असणार, आता हे वाचून कोणी माझ्याआधी उचलला तर उचला, मी एक राउंड आधीच घेईन.