निसर्गोपचार शिकायला निघाले तेव्हा

सुरुवात उरुळी कांचनला झाली. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या निसर्गोपचार आश्रमात आईसोबत दहा दिवस राहिले होते. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान (टबात कमरेपर्यंत पाण्यात बसणं), वाफ, बेताचं जेवण. आईला बारा वर्षांपासून मधुमेह. तिच्या गोळ्या सुटल्या नाहीत, सोडायला कुणी सांगितलंही नाही. पण तिला शांत झोप लागायला लागली आणि घरी आल्यावर ती आपणहून फिरायला जाऊ लागली. तिथल्या एक ताई आईला टबात बसवण्याआधी दर वेळी पाण्यात स्वतःचा हात घालून बघायच्या. मला ते काम शिकायचं होतं.

मी बी.कॉम., एका सीएच्या ऑफिसात नोकरी. चौकशीला लागले आणि पहिलंच दार बंद. बी.एन.वाय.एस. ही निसर्गोपचार आणि योगाची पदवी साडेचार वर्षांची, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवंच. दोन दिवस फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात एका खासगी संस्थेतून फोन आला. ऑनलाइन डिप्लोमा, घरबसल्या, शेवटी नावामागे ‘डॉ.’ लावता येईल. फी ४५ हजार, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता मी भरणारच होते. बाबा म्हणाले, "आधी एवढं विचार, कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी तुला कायद्यानं काय करता येईल?"

विचारलं. "आमची संस्था सरकारकडे रजिस्टर्ड आहे." कागद मागवला, तर ते संस्था नोंदणीचं प्रमाणपत्र निघालं. संस्था नोंदवलेली असणं वेगळं आणि तिच्या डिप्लोमाला मान्यता असणं वेगळं. मग विचारलं, प्रत्यक्ष रुग्णांवर किती तास काम शिकवता? उत्तर आलं, "व्हिडिओ आहेत ना, मॅडम." याचा मला अजून राग येतो. वाफेत माणसाला चक्कर येऊ शकते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर गरम पादस्नानाचा चटकाही कळत नाही, भाजलेलं नंतर दिसतं. नुसते व्हिडिओ बघून आलेल्या माणसाच्या हाती मी माझ्या आईला देणार नाही. मग दुसऱ्या कुणाच्या आईला मी तरी कसा हात लावायचा?

खरे पर्याय दोन उरले. लोणावळ्याचं कैवल्यधाम, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापलेलं. तिथली योगाची पदविका. आणि पुण्यातली राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था, ताडीवाला रोडवरच्या बापू भवनात, जिथे निसर्गोपचार करणाऱ्या डॉ. दिनशा मेहतांकडे गांधीजी उपचारांसाठी राहिले होते. तिथला उपचार सहायकाचा वर्षभराचा कोर्स. योग मला आवडतो, पण माझा ओढा पाणी आणि मातीकडे होता. शिवाय सहायक म्हणजे डॉक्टर सांगतील तो उपचार नीट द्यायचा, ही मर्यादा मला मोकळी करणारी वाटली. कुणाची गोळी बंद करायचा अधिकार मला नकोच आहे.

हे काम करणाऱ्या दोघीजणींना भेटले. सुरुवातीचा पगार तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी असेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या रात्री बाबांसोबत बसून वर्षभराचा खर्च वहीत मांडला आणि सकाळी अर्ज भरला.