प्रिओरात वाइन टूर: पैसे द्यायच्या आधी गाव कुठलं ते विचारा

बार्सिलोनाहून टूर घेणाऱ्यांनी हे वाचाच. प्रिओरात म्हणजे स्पेनमधला महाग वाइनचा भाग. आम्हाला टूर प्रिओरात म्हणून विकली आणि नेलं फालसेतला, तीन ग्लास पाजले, दुकानात सोडलं, झालं. गोम अशी की फालसेत हे प्रिओरात तालुक्याचं मुख्य गाव आहे पण तिथली बहुतेक वाइन मोंसांत नावाच्या शेजारच्या वेगळ्या वाइन पट्ट्याची, आणि मोंसांतचा पट्टा प्रिओरातला जवळजवळ चारी बाजूंनी वेढून आहे. मोंसांत वाईट नाही हां, त्या भावात मस्तच आहे, पण प्रिओरातचे पैसे घेऊन ती पाजायची ही सरळसरळ लूट. लेबलवर डीओक्यू (वाइनच्या भागाला मिळणारा सरकारी दर्जा) प्रिओरात नसेल तर ती प्रिओरात नाही. स्पेनमध्ये हा सगळ्यात वरचा दर्जा फक्त रिओहा आणि प्रिओरातलाच आहे.

मग दुसऱ्या दिवशी स्वतःच गेलो ग्रातायोप्सला, हे खरं प्रिओरातमधलं गाव. द्राक्षं दोन्हीकडे तीच, गार्नाचा आणि कारिन्येना, फरक सगळा जमिनीचा. फालसेतजवळ ग्रॅनाइटची वाळू, इथे लिकोरेया म्हणजे काळी पाटीच्या दगडाची कपची. तिच्यात पाणी टिकत नाही, मुळं फटींमधून खोल खोल जातात, जुन्या वेली अगदी थोडी द्राक्षं देतात आणि म्हणून रस इतका दाट. नाशिकसारखा मांडव नाही, तारा नाहीत, नुसती बुटकी झुडपं. किंमत जास्त का ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

आता ग्रातायोप्सहून सिउराना नदीकडे उतरणारी वाट. दुपारी अजिबात जाऊ नका!! सावली शून्य, काळा दगड खालून भाजतो, कपच्या पायाखालून सरकतात, उतरताना गुडघे जातात आणि चढताना जीव. स्पोर्ट शूज चालत नाहीत, पकड असलेलेच बूट हवेत, पाणी माणशी दोन लिटर, आणि सकाळी नऊच्या आत वर परत या. मी अजून थकलेलोच आहे पण तेवढ्या तुकड्यासाठी परत जाईन.

स्काला देईचा पडका मठ, जिथल्या साधूंनी इथे वाइन सुरू केली, अर्ध्या तासात बघून होतो. पोरेरा गावही छान.

गाडी भाड्याने घ्या, बस फार कमी. वाइनरीला आधी मेल करून वेळ ठरवा, नुसतं दार वाजवून कोणी घेत नाही. आणि एकच बाटली परवडणार असेल तर जुन्या वेलींची कारिन्येना घ्या, गार्नाचा जगात कुठेही मिळते.