ग्रंथालय परिषदेच्या प्रदर्शनाला जाताना तीन पुस्तकं सोबत न्या

बेळगावातल्या ग्रंथालय परिषदेत निबंधवाचन सभागृहात आणि प्रदर्शन बाहेरच्या मंडपात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचनालयांच्या कामाचं बरंचसं मंडपातच असतं. निबंध चालू असताना तिकडे जा. चहाच्या सुट्टीत स्टॉलवाल्याला मान वर करायला सवड नसते. शेवटच्या दिवशी जेवणानंतर बांधाबांध सुरू होते, तो दिवस धरू नका.

पिशवीत तीन पुस्तकं न्या: एक दिवाळी अंक, एक कन्नड पुस्तक आणि एक पानं पिवळी पडलेलं जुनं मराठी पुस्तक. दाखवायला ठेवलेल्या पुस्तकांवर कुठलंही यंत्र पास होतं.

सर्वांत गर्दी आरएफआयडीच्या दालनात, म्हणजे पुस्तकात डकवलेली चिप (टॅग) रेडिओलहरींनी वाचणाऱ्या यंत्रांपाशी. पाच जाड पुस्तकं ठेवली की एका दमात नोंद होते, बघणारे खूश. तिथे तुमच्या दिवाळी अंकासोबत आणखी पातळ अंकांची चळत ठेवायला सांगा. पातळ अंकांत टॅग बरोबर एकावर एक आले की एखादा वाचलाच जात नाही. म्हणून टॅग डकवताना प्रत्येक वेळी जागा सरकवावी लागते. धातूच्या वर्खाचं मुखपृष्ठ आणि लोखंडी कपाट, दोन्ही वाचनालयांत लावतात त्या १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या टॅगचे वैरी. आठ-दहा हजार पुस्तकांच्या वाचनालयाला बारकोड पुरतो, असं आमचं स्पष्ट मत. मात्र लेबलं शाईच्या रिबनने छापलेली घ्या. बसच्या तिकिटासारख्या थर्मल कागदावरची अक्षरं उडतात आणि वरून सेलोटेप लावली तर ती पिवळी पडते.

सॉफ्टवेअरच्या दालनात कोहा हे वाचनालयाच्या नोंदी आणि देवघेवीचं सॉफ्टवेअर ‘फुकट’ म्हणून दाखवतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. सर्व्हर, दुरुस्ती आणि जुन्या नोंदी आत घालणं फुकट नाही. स्वतः कीबोर्डवर बसून ‘तऱ्हा’ शोधा. हा ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये (संगणकाच्या प्रमाण अक्षरसंकेतांत) दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना एकच, संगणकाला वेगळे. एका पद्धतीने नोंदवलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही. मग कन्नड शीर्षक घाला. सीमाभागात एकाच यादीत दोन्ही लिप्या लागतात. जुनी यादी श्रीलिपीच्या युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असेल तर आधी रूपांतर करावं लागेल, त्याचा दर वेगळा विचारा. शेवटचा प्रश्न: आमच्या नोंदी मार्क २१ मध्ये (ग्रंथालयांच्या नोंदींच्या प्रमाण साच्यात) परत मिळतील का? उत्तर घुटमळलं तर पुढे चला.

स्कॅनरपाशी जुनं पुस्तक काढा. सपाट काचेवर दाबलं की शिवण तुटते, शिवाय मधल्या घडीत सावली पडून ओळींची टोकं जातात. पुस्तक अर्धवट उघडं धरणारा इंग्रजी व्ही आकाराचा पाळणा हवा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए५ आकाराचं करडं पान, फाइल कॉम्प्रेस न करता, साधारण ४ एमबी. तीनशे पानं म्हणजे सव्वा जीबी, रंगीत केलं तर तिप्पट. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४८ सालापासूनच्या संस्थेला हे यंत्र शोभतं. गावच्या वाचनालयाने काम बाहेरून करून घ्यावं.

बालविभाग आणि ब्रेलचं दालन बघण्यासारखं. जतनाच्या कोपऱ्यात फाटक्या पानाला गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावायला शिकून घ्या, कारण खळी पुन्हा पाण्याने सुटते, फेव्हिकॉल सुटत नाही.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. टॅग, स्कॅनर, कपाटांवर आहे. कोटेशनमध्ये कर आणि पोहोच धरून एकच आकडा लिहून घ्या. ‘बेळगाव पोहोच’ असेल तर जांबोटीपर्यंतचं टेम्पोचं भाडं मागाहून तुमच्याच खिशातून जातं.