कवेलूचं घर, चुन्याचे रंग: माजघर झालं, चुलीची भिंत अडली

मातीच्या भिंती, वर कवेलू, पश्चिमेला एकच खिडकी. माजघर 10 बाय 12 फूट, भिंतीची उंची 8 फूट. दारं-खिडकी सोडून रंगवायची जागा साधारण 320 चौरस फूट. या खेपेला माजघराला रामरजाचा (पिवळ्या मातीचा) फिका पिवळा आणि खाली गेरूचा पट्टा असं ठरलं होतं, ते पूर्ण झालं. स्वयंपाकघराचं शेवटी लिहिलं आहे, कारण तिथे काम फसलं.

चुनाच का, हे दर वेळी विचारलं जातं. मातीची भिंत पावसाळाभर ओल पिते आणि दिवाळीच्या आसपास सोडते. वर प्लास्टिक पेंट असला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. आधी फुगे येतात, मग पोपडा सुटतो, आणि सुटताना बोटभर मातीही घेऊन येतो. जुना डिस्टेंपर असेल तर तो पूर्ण खरवडल्याशिवाय चुना मारू नये, धरत नाही.

कळीचा (न विरवलेला) चुना 6 किलो, पाणी 30 लिटर. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग कळी थोडी थोडी. उलट केलं की उकळी अंगावर येते. डोळ्यांना चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. एक दिवस-रात्र मुरवून जाड्या कापडातून गाळला. बाभळीचा डिंक 120 ग्राम गरम पाण्यात विरघळवून त्यात घातला. लावताना साईसारखा नको, दुधासारखा पातळ हवा, म्हणून वरून सुमारे 15 लिटर पाणी गेलं. पुष्कळ जण मीठही घालतात. कोरड्या जागी चालेल, पण मीठ हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडच्या श्रावणात भिंत चिकट लागते, म्हणून इथे टाळलं.

आता रंगाचं माप. किलोभर कळीला 20, 40 आणि 60 ग्राम रामरज असे तीन नमुने पोळपाटाएवढे लावले, आणि तेही दोन भिंतींवर: एक खिडकीची भिंत, एक तिच्या समोरची. खिडकीच्या भिंतीवर उजेड मागून येतो, त्यामुळे तोच रंग तिथे कळकट दिसतो. ओला नमुना पाहून काहीच ठरवू नये. ओलेपणी चुना पारदर्शक असतो आणि माती गडद दिसते. सुकताना चुना पांढरा होत जातो आणि रंग दोन-तीन पायऱ्या उतरतो. दोन दिवसांनी पाहिलं तर 20 ग्रामचा नमुना काचेच्या कवेलूखाली नुसता पांढरा वाटत होता. 60 ग्रामचा सकाळी छान, पण चारनंतर पश्चिमेचं ऊन आत आलं की थेट भगवा. 40 ग्राम धरलं, म्हणजे एकूण 240 ग्राम. रामरज रात्रभर भिजवून फडक्यातून गाळूनच घालायचा. नाहीतर गुठळी कुच्याखाली (चुना मारायच्या ब्रशखाली) फुटते आणि भिंतीवर पिवळी रेघ उमटते. कळीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यावर रंग नेऊ नये. चुना तेवढी माती बांधून ठेवत नाही, पाठ टेकली की सदऱ्याला लागतो.

पिवळ्यासाठी हळद सुचवली जाते, ती नको. हळद चुन्यात लाल होते (कुंकू तसंच तर करतात), शिवाय उन्हात उडते. दुकानातला कुठलाही रंग आधी पेल्यात चुन्याच्या निवळीत दोन दिवस ठेवून पाहावा. रंग बदलला की तो बाद. गेरू आणि रामरज लोहाच्या माती आहेत, त्यांना चुना काही करत नाही. मोरचूद आणि चुन्याचा निळा वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या खोडांवर सगळ्यांनी पाहिलेला आहे. दिसतो सुंदर, पण तांबं विषारी, आणि घरात भिंत चाटणारी लेकरं असतात.

तीन हात दिले. एका हातात वरून खाली, खालून वर, मग आडवे फटकारे. आधी भिंतीवर पाणी नुसतं शिंपडायचं. जास्त झालं तर कुच्याला माती येते. पश्चिमेची भिंत सकाळी नऊच्या आत उरकली. तापल्या भिंतीवर चुना हवा लागून घट्ट धरायच्या आधीच सुकतो आणि भुकटी होऊन झडतो. दुसऱ्या हाताला भिंतीवर ढग आले: रामरज बकेटच्या तळाशी बसला होता, वरचं फिकं आणि शेवटचं दाट लागलं. प्रत्येक बुडवणीला ढवळणं, आणि एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच दमात, एवढ्यावर तिसरा हात सारखा आला.

या खोलीतला सगळ्यात स्वस्त उजेड खिडकीच्या पोटात निघाला. भिंत दीड फूट जाड; त्या जाडीच्या आतल्या बाजूंना पिवळा न देता पांढराशुभ्र चुना दिला, किलोला 3 ग्राम पुडीची नीळ घालून. बाहेरचा उजेड तिथे आपटून आत फेकला जातो. नीळ पिवळ्याच्या बकेटीत मात्र चुकूनही जाऊ देऊ नये, हिरवट मळकट होतं.

गेरूचा पट्टा फूटभर. सारवणाचे शिंतोडे त्यात लपतात. कोरड्या गेरूत घोळवलेली सुताची दोरी दोघांनी ताणून मधे टिचकी मारली की रेघ उमटते. जमीन एका टोकाला दोन इंच उतरलेली आहे. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून पट्टा सरळ मारला असता तर जमिनीचा उतार डोळ्यात भरला असता. रेघ निम्मा उतार घेऊन मारली, आता कळत नाही.

चुलीची भिंत: खरवडून दोन हात दिले आणि तिसऱ्या दिवशी तपकिरी डाग वर आले. धुराचं डांबर ओल्या चुन्यातून वर येतं, हात वाढवून ते थांबत नाही. डागाचा थर पुन्हा खरवडून सोडा-साबणाने पुसला आहे. वर गावठाणातल्या पांढरीचा (पांढऱ्या मातीचा) लेप बसतो आहे: 4 घमेली माती, 1 घमेलं चाळलेलं गव्हाचं कुटार (भुसा), 1 घमेलं शेण, चार दिवस कुजवून. शेतातली काळी माती घेतली तर सुकताना जाळीसारखी तडकते. लेप पूर्ण वाळेपर्यंत चुना नाही, आणि चुलीमागे हातभर रुंदीत पिवळा न देता गेरूच द्यायचा आहे.