तुम्ही विचारलेत म्हणून: एक्सेलची फाइल डेटाबेसमध्ये भरायला इतके दिवस का लागतात?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतले टॉवेलवाले असोत की चाटी गल्लीतले कापडवाले, प्रश्न एकच असतो: "फाइल तयार आहे, इम्पोर्टचे बटण आहे, मग तुम्ही आठवडा कशाला मागता?" आतापर्यंत मी हसून वेळ मारून नेत आलो, आज सविस्तर उत्तर देतो.

तुमच्या फाइलीत सोलापूरचा ०२१७ हा फोनचा कोड २१७ झालेला असतो, कारण एक्सेलने तो आकडा समजून पुढचे शून्य गाळलेले असते. साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केल्यास मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ती टाळायला यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरांची पद्धत) असे लिहिलेला प्रकारच निवडावा लागतो. पण या गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांचे मला फारसे भय नाही.

भय आहे ते तारखांचे. मी या कामात नवखा असताना एका टॉवेल कारखान्याची उधारीची यादी मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये भरत होतो. डेटाबेसला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख लागते हे वाचलेले असल्याने मी एक्सेलमध्ये तारखांचा अख्खा रकाना निवडला, तसा फॉरमॅट दिला आणि फाइल त्याच नावाने सेव्ह केली. त्या संगणकाचे सेटिंग अमेरिकी पद्धतीचे, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस असे होते. फाइल उघडताच ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट ही तारीख एक्सेलने ८ मे अशी वाचली होती. २५/०८ मात्र पंचविसावा महिनाच नसल्यामुळे तारीख न ठरता नुसता मजकूर म्हणून राहिली. नीट पाहिले असते तर तारखा रकान्याच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला टेकलेला दिसला असता. डेटाबेसने मजकुराच्या ओळी नाकारल्या, त्या आम्ही एकेक करून हाताने भरल्या आणि काम चोख झाले असे मानले. उलटलेल्या तारखांबद्दल एकही सूचना आली नाही, कारण ८ मे ही तारीख म्हणून निर्दोषच होती.

पुढे वसुलीची पत्रे निघाली. एका जुन्या गिऱ्हाइकाला, ज्याच्या बिलाची मुदत अजून संपायची होती, तीन महिने थकल्याचे पत्र गेले. त्याने मालकांना फोन करून एवढेच विचारले, "आमच्यावर विश्वास उरला नाही का?" मालक मला काही बोलले नाहीत, त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवले आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतेही बोलणे टाळले.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. ओळींची संख्या जुळली होती, येण्याची बेरीज पैशापर्यंत जुळली होती, आणखी काय तपासायचे होते? त्याचे म्हणणे मला पूर्ण खोडता येत नाही. जनुकांची नावे एक्सेल तारखा म्हणून वाचते याला कंटाळून नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च१ आणि सेप्ट१ यांसारखी नावेच बदलली. तिथे तर शास्त्रज्ञ होते. आणि तरीही, मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही, हेही खरे आहे.

दिवस-महिना सरसकट उलटे करून प्रश्न का सुटला नाही, असे काहींनी विचारले. पत्रे निघेपर्यंत डेटाबेसमधल्या त्याच टेबलात, म्हणजे तक्त्यात, रोजची नवी बिले बरोबर तारखांनी चढली होती आणि काही जुन्या तारखा कारकुनाने परस्पर सुधारल्या होत्या. सरसकट उलटवले असते तर बरोबर होते तेही बिघडले असते. शेवटी बिलाचा नंबर वाढतो आणि तारीख मागे जाते अशा जागा हुडकल्या, पण कारखान्याचे आणि दुकानाचे बिलबुक वेगळे असल्याने तो क्रमही सगळीकडे कामी आला नाही.

आता मी सगळे रकाने आधी मजकूर म्हणूनच एका कच्च्या टेबलात घेतो आणि तिथून तारीख दिवस-महिना-वर्ष अशी स्पष्ट सांगून पक्क्या टेबलात नेतो. हे पुरते का? फाइल माझ्याकडे येण्यापूर्वीच कोणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर पुरत नाही. म्हणून पुढच्या वेळी फाइलसोबत बिलबुकेही पाठवा, आणि आठवड्याचे दहा दिवस झाले तर फोन करू नका.